दोनशे गाद्या आणि मनःशांती

मनःशांतीसाठी माणसाला काय काय लागतं, याची यादी आमच्या भांडारघराच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. गाद्या दोनशे. उशा एकशे ऐंशी; उरलेल्या वीस कुठे गेल्या हे देवाला ठाऊक, आणि तो सांगत नाही. बादल्या, मग, ताटं, वाट्या, गॅसच्या टाक्या, पाण्याच्या मोटारीचा जादा कपॅसिटर, फिनेल, डासांची अगरबत्ती आणि इसबगोल. शांती वरून येते, असं आमच्याकडे येणारे सगळे वक्ते सांगतात. येत असेलही. पण खाली उतरल्यावर तिला निजायला गादी लागते आणि ती मोजून देणारा माणूस लागतो. तो माणूस मी.

बदलापूर स्टेशनातून बाहेर पडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की फार्म हाऊसच्या पाट्या सुरू होतात. त्या पाट्यांच्या गर्दीतून लाल मातीची एक वाट आत वळते. तिच्या टोकाला आमचं ख्रिस्ती शिबिरस्थान आहे: एक सभागृह, दोन लांबलचक शयनगृहं, स्वयंपाकघर, विहीर, बरीचशी जांभळाची झाडं आणि आम्ही चौघं. मी पूर्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचो, बायको कल्याणला एका इस्पितळात नर्स होती. लग्नानंतर दोघांच्याही मनाने घेतलं, की काहीतरी सेवा करावी. संस्थेच्या कमिटीने आम्हाला नीट न्याहाळलं आणि ‘तरुण आहेत, सहा महिने तरी टिकतील’ एवढ्या माफक श्रद्धेवर ठेवून घेतलं. आता थोरली चौथीत आहे आणि धाकटा पहिलीत. ‘माझे बाबा’ या निबंधात थोरलीने लिहिलं होतं, ‘माझे बाबा गाद्या मोजतात. आई बाबांना मोजायला लावते. आमच्या घरी शंभर माणसे जेवतात.’ बाईंनी समासात लाल शाईने विचारलं, ‘मंगल कार्यालय आहे का?’

नातेवाईक मात्र आमच्यावर जळतात. ‘तुमची काय बाबा मजा! हवा छान, भाडं नाही, आणि दिवसभर देवाचं नाव!’ सासूबाई नगरहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचाही असाच समज होता. लेकीने त्यांच्या हातात बटाट्याचं पोतं आणि सोलाणं दिलं, तेव्हा तो गेला.

हे ठिकाण बदलापुरातच का, असं मुंबईची मंडळी घाम पुसत विचारतात. अमेरिकन मराठी मिशनचे गोरे साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात. थंड हवा, स्ट्रॉबेरी आणि अंगावर शाल, अशा वातावरणात देवाची कृपा चटकन जाणवली तर नवल नाही. आमच्या वाट्याला बदलापूर आलं, कारण घेतली तेव्हा जमीन स्वस्त होती आणि सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर लोकलच्या तिकिटात येता येतं. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या आसपास पारा सगळ्यांत वर कुठे चढला, ही बातमी आली की तिच्यात बदलापूरचं नाव बहुधा असतंच. नरकावरचं प्रवचन आम्ही वक्त्यांना मे महिन्यात ठेवायला सांगतो. दृष्टान्त द्यावे लागत नाहीत.

शिबिराचा पहिला तास हा खरा परीक्षेचा. शुक्रवारी रात्री बसमधून उतरताना सगळे ‘प्रेज द लॉर्ड, ब्रदर’ म्हणतात. नगर-जालन्याकडची वडीलधारी माणसं अजून ‘सलाम’ म्हणतात. तो सलाम संपायच्या आत निम्मी माणसं पंख्याखालच्या गादीवर बॅग टाकून मोकळी झालेली असतात. स्वर्गात शेवटचे पहिले होतील, यावर कुणाचा वाद नाही; शयनगृहात पहिले ते पहिलेच. ज्या मंडळीने नव्वद माणसं कळवलेली असतात, तिची एकशे तीस उतरतात. ‘एवढी कशी हो?’ असं विचारलं की पाळकसाहेब प्रसन्न हसून म्हणतात, ‘आम्ही विश्वासाने आणली!’ त्यांचा विश्वास सभागृहात शिरतो आणि चाळीस जणांचा भात आमच्या स्वयंपाकघरात.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर त्यासाठी भूगोल यावा लागतो. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना, विमकोचा काडेपेटीचा कारखाना. अशा कारखान्यांमागे देशभरची माणसं या पट्ट्यात येऊन राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांची चर्चं आली. मल्याळी मंडळीला जाड उकडा तांदूळ हवा. तमिळ मंडळीला रसम नसेल तर जेवण झालं असं वाटत नाही. वसईकडचे लोक शुक्रवारीच विचारतात, की रविवारी मासळी कुठली. आमची नगरची माणसं काहीही चालेल म्हणतात आणि मग हळूच ठेचा मागतात. मदतीला शेजारच्या ठाकरवाडीतल्या मावशी येतात. त्यांचा हात असा बसला आहे, की ‘प्रभूची स्तुती असो’ कुठल्या सुरात म्हटलं जातं, यावरून त्या रश्शात खोबरं घालायचं की नाही ते ठरवतात.

जेवणाआधीची प्रार्थना हा बायकोच्या अभ्यासाचा विषय आहे. पाळक ओळखायचा तर प्रवचनावरून नाही, या प्रार्थनेवरून, असं ती म्हणते. काही जण ताटातल्या अन्नाबद्दल आभार मानतात आणि संपवतात. काही जण अन्नापासून सुरू करून शेतकरी, पाऊस, सरकार, आजारी सभासद, परदेशी गेलेली मुलं आणि चर्चच्या छताचं काम अशी प्रदक्षिणा घालून पुन्हा अन्नाकडे येतात. तोवर पोळ्यांचे पापड झालेले असतात. एकदा एका पाहुण्यांची प्रार्थना जगाच्या शांततेवर पोचली तेव्हा बायको झारा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘आमेन!’ सगळ्या हॉलने तिच्यामागे आमेन म्हटलं. पाहुण्यांनी डोळे उघडले तोवर रांग लागली होती.

उपास-प्रार्थनेचे गट वेगळे. ते जेवण नको असं पत्रात लिहून कळवतात, म्हणून दरही कमी लावतो. पहिल्या दिवशी चार वाजता त्यांच्यातला एक वडीलधारा माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन खाकरतो. ‘चहा मिळेल का थोडा? चहा म्हणजे काही खाणं नव्हे.’ मग चहाबरोबर एखादं बिस्किट, कारण रिकाम्या पोटी चहा पित्ताला वाईट. संध्याकाळी केळी, कारण फळं चालतात. रात्री साबुदाण्याची खिचडी मागणारेही भेटले आहेत. कुठल्या धर्मात जन्माला आला यापेक्षा माणूस मराठी आहे, हे अशा वेळी जास्त कळतं.

सगळ्यांत अवघड ते मौन शिबिर. दीड दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही, फोन बंद करून टोपलीत ठेवायचे. बोलत नाहीत हे खरं, पण लिहितात. ‘चहात साखर कमी.’ ‘तिसऱ्या न्हाणीघरात बेडूक.’ ‘शेजारचे बंधू घोरतात, मौनात घोरणं बसतं का?’ अशा चिठ्ठ्यांनी माझा शर्टाचा खिसा भरून जातो. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते, त्यामुळे पहाटे टाकीच्या शिडीवर कुणी दिसलं तर ते सूर्योदय पाहायला चढलेले नसतात. एका मौन शिबिराच्या रात्री पलीकडच्या गावात आगरी हळद होती. ठाणे जिल्ह्यात राहून हळद म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला मी सांगून उपयोग नाही. बेंजो, डीजे, आणि पहाटेपर्यंत नाचणारं अख्खं गाव. सभागृहात ऐंशी माणसं डोळे मिटून बसलेली, पुढे वक्ते, आणि ऐंशी जणांचे अंगठे चपलांच्या आत ठेका धरत होते. वक्त्यांचाही धरत होता, मी खाली वाकून पाहिलं. सकाळी त्या घरून मोठ्या डब्यातून वडे आणि मटण आलं. मौन सुटायला अजून दोन तास होते. डबा उघडला आणि मौन आपोआप सुटलं.

दांपत्य शिबिर आम्ही दोघं फार जपून करतो. एकदा आत वक्ते सांगत होते, की नवरा-बायकोने एकमेकांशी बोलताना आवाज चढवू नये. खिडक्या उघड्या होत्या.

‘अहो, टाकी संपली! दुसरी कुठे ठेवलीत?’

‘तिथेच आहे, नीट बघ!’

‘तिथे म्हणजे कुठे? तिथे तुमची सायकल आहे!’

‘सायकलच्या मागे बघ!’

‘मागे मी उभी आहे!’

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. वक्ते थोडं थांबले आणि म्हणाले, ‘आता हेच उदाहरण घेऊ.’ त्यांनी ते पुढची वीस मिनिटं घेतलं. निरोपाच्या वेळी एका आजोबांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की अख्ख्या शिबिरात त्यांना सर्वांत उपयोगी वाटलं ते टाकीचं सत्र.

खरेदीला आम्हाला उल्हासनगरच लागतं. तिथे शिबिरवाले आलो आहोत म्हणून सांगण्याची सोय नाही, कारण ते शहरच मुळात छावणी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर लाखाच्या घरात सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिला उल्हासनगर हे नाव दिलं. पत्ते मात्र अजून कॅम्प नंबर एक ते पाच असेच. ‘कॅम्पसाठी गाद्या हव्यात’ म्हटलं, की दुकानदार शांतपणे विचारतो, ‘कितने नंबर में डिलिवरी?’ पण घासाघीस करायला मन मोठं आहे. ‘आमच्या आजोबांनीही छावणीतच दिवस काढले,’ असं म्हणून एका सिंधी काकांनी मला चादरींवर सवलत दिली, वर दाल-पकवान खाऊ घातलं. बिलात ते कुठेतरी वसूल झालं असणार, पण मला सापडलं नाही आणि मी हिशेबनीस आहे. एकदा शिबिरासाठी टी-शर्ट छापून घेतले. मजकूर होता ‘मौन शिबिर’. शर्ट आले तेव्हा त्यांवर ‘मौज शिबिर’. परत करायला वेळ नव्हता, म्हणून ते युवक शिबिराला वाटले. त्या वर्षी युवकांची नोंदणी दुप्पट झाली आणि कमिटीने आमच्या प्रसिद्धीकौशल्याची इतिवृत्तात नोंद घेतली.

युवकांचं शिबिर म्हणजे मला फाटकावर पहारा. दुपारच्या सत्रात खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की तरुण कोंडेश्वरच्या धबधब्याकडे निघालेले असतात. पावसाळ्यात तिथे दरवर्षी कुणाचा तरी जीव जातो, म्हणून मी तिथे देवालाही मध्ये घेत नाही, सरळ कुलूप लावतो. ज्येष्ठांच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर काळजी नसते. निवृत्त मास्तरांची एक तुकडी रिक्षा करून अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला गेलेली असते. १०६० सालचं शिलाहारकालीन काम आहे, भिंतीवर हाताएवढीही जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. परत आल्यावर पाळकसाहेब विचारतात, ‘सत्रात काय शिकलात?’ मास्तर सांगतात, ‘चिकाटी.’

गुड फ्रायडेला ज्यांच्याकडे चर्चची इमारत नाही, अशी एखादी मंडळी आमचं सभागृह मागते. बारा ते तीन उपासना, ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. या भागात वीजदुरुस्तीचा वार शुक्रवार. पंखे बंद, पत्र्याचं छप्पर, आणि सात वक्त्यांतले सहा नवशिके. प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिलेली असतात आणि प्रत्येकाला ती कमी वाटतात. पाचव्या उद्गारापर्यंत मंडळी इतकी तहानलेली असते, की तो उद्गार तहानेबद्दलचाच आहे, हे सांगायला वक्ता लागत नाही. त्या वेळी मी पाण्याची बादली घेऊन मागून फिरतो. उपासनेत कुणी हलू नये असा दंडक आहे, पण अजून मला कुणी थांबवलेलं नाही.

आणि २०१९चा जुलै. २६ तारखेच्या रात्री उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी बाहेर काढले. आमचा माळ उंचावर, पण रस्ता बंद, वीज बंद आणि आत महिला मंडळाचं शिबिर. भाजीची गाडी येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या शिबिराचा विषय होता मार्था आणि मरीया. ही गोष्ट ख्रिस्ती घरात सगळ्यांना पाठ असते: येशू घरी आला, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकात गुंतली आणि कुरकुरली. आजवर आमच्याकडे या गोष्टीवर जेवढी प्रवचनं झाली, त्या सगळ्यांत वक्त्यांनी मरीयेची बाजू घेतली आणि एक वाजता मार्थेच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिले. पुराच्या दिवशी मात्र महिला मंडळाने प्रवचन अर्ध्यावर सोडलं. एकीने सुकट शोधून काढली, दुसरीने कण्या निवडल्या, तिघींनी चूल पेटवली, आणि बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, ‘तू बस गं, बाळाला घे.’ त्या रात्री कंदिलाच्या उजेडात जी गाणी झाली, तशी पेटी-तबला-माइक लावूनही पुन्हा झाली नाहीत.

आमची मुलं या वातावरणात वाढताहेत, त्यांची मला थोडी काळजी वाटते. जगातल्या प्रत्येक घरी सोमवारी शंभर ताटं धुतात, अशी धाकट्याची समजूत आहे. साक्ष देणारे पाहुणे ऐकून ऐकून तो एकदा माडीच्या पायरीवर उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, ‘पूर्वी मी फार वाईट माणूस होतो.’ तेव्हा तो चार वर्षांचा होता. विहिरीच्या हौदात त्याने कुत्रीच्या तीन पिल्लांना बाप्तिस्मा दिला. चौथं पळालं, ते अजून बाहेरचंच समजलं जातं. थोरली पाहुण्यांच्या मुलांशी ‘ऑफिस ऑफिस’ खेळते. खेळात ती कधीच डॉक्टर किंवा टीचर होत नाही. ‘पावती दाखवा. गादी परत केली? मग तुम्ही जाऊ शकत नाही.’

कंटाळा आला की बायको थोरांची उदाहरणं काढते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९००च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. दुष्काळातून आणलेल्या मुली, विहिरी, शेती, छापखाना, आणि हे सगळं सांभाळून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. ‘भाषांतराचं मला नवल वाटत नाही,’ बायको म्हणते, ‘दोन हजार जणींचं पीठ कोण दळत होतं ते सांगा.’ रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, हे आम्ही शाळेत शिकलो. दरबारात येणाऱ्यांना चहा कुणी दिला, हे विचारायला इतिहासकार जात नाहीत. ज्याने त्यांच्या पत्नीचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं आहे त्याला विचारावं लागत नाही.

गावाशी आमचं नातं पातेल्यांवर टिकून आहे. गावात हरिनाम सप्ताह असला, की आमची मोठी पातेली, झारे आणि सतरंज्या तिकडे जातात. नाताळात त्यांचा मांडव आणि ट्रॅक्टर इकडे येतो. सप्ताहात वारकरी ज्या पातेल्यातली आमटी जेवतात, त्याच पातेल्यात पुढच्या शनिवारी मल्याळी मंडळीचं सांबार उकळतं. पातेल्याने अजून तक्रार केलेली नाही. त्याच्या काठावर तीन संस्थांची नावं कोरली आहेत आणि चौथ्या नावापुरती जागा आहे.

आता प्रश्न आहे तो माहितीपत्रकातल्या ‘निसर्गरम्य, शांत परिसर’ या ओळीचा. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरचे टॉवर तर मला गच्चीवरून मोजता येतात. डोंगराकडे तोंड करून चिंतनाला बसणाऱ्यांना हल्ली समोर ‘वन बीएचके, ताबा तयार’ हा फलक दिसतो. गेल्या युवक शिबिरातल्या एका जोडप्याने तिथे फ्लॅट घेतला. म्हणजे शिबिराचा काही परिणाम होत नाही असं म्हणता येणार नाही.

इथे येऊन लोकांना शांती मिळते का, हे मला पुष्कळ जण विचारतात. मिळते. कुणाला मिळाली हे साक्षीच्या सभेत कळत नाही. तिथे सगळ्यांनाच मिळालेली असते. ते रविवारी दुपारी नळाशी कळतं. बस सुटायची घाई असताना जो आपलं ताट घासतो, शेजारच्या म्हातारीचंही घेतो आणि नळ नीट बंद करतो, त्याला मिळाली. असे दर शिबिरात पाच-सात तरी निघतात, आणि त्यांच्याच जोरावर आम्ही सहा महिन्यांचे इतकी वर्षं टिकलो.

तेव्हा आपणही जरूर या. मंडळी कुठली, भाषा कुठली, उपास धरणार की मटण मागणार, कशाला ना नाही. फक्त एक विनंती आहे. किती माणसं येणार तो आकडा खरा कळवा. विश्वास ठेवायला आम्ही आहोतच. पण वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात.